तीन मिनिटांचा धीर

गुंडुला रेझे हिचा आवाज आमच्या आर्नेबेक गावात फार थोड्यांनी ऐकला असेल, आणि ज्यांनी ऐकला त्यांना तसं कबूल करायची सोय नव्हती. एकतीस वर्षं ती इथल्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती. पहिल्या रांगेतली अगदी डावीकडची खुर्ची, मांडीवर संहिता, संहितेवर छोटासा दिवा. नट अडला की ती वाक्य द्यायची. ते त्याच्या कानात पडावं, पण मागच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंना कळू नये, यातच सगळा हुन्नर. घसा न वापरता नुसत्या श्वासावर बोलायचं. या सवयीनं तिचा खरा आवाजही इतका बारीक झाला होता की बेकरीतली पोरगी रोज सकाळी तिच्यावर डाफरायची, "रेझेबाई, जरा तोंड उघडून बोला की! दोन पाव म्हणालात की दहा?"

पण कुजबुजणं कुणालाही जमेल. अवघड असतं ते कधी कुजबुजायचं हे कळणं. नट गप्प झाला म्हणजे तो अडलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबलेला असतो, सगळं नाट्यगृह मुठीत धरून उभा असतो, आणि तेवढ्यात खालून कुणी वाक्य दिलं तर तो त्या बाईचा गळा दाबेल. गुंडुला त्यांचे श्वास ऐकायची. मुद्दाम थांबलेला माणूस श्वास सोडून थांबतो. अडलेला माणूस श्वास आत घेतो आणि धरून ठेवतो. एकतीस वर्षांत ती दोनदा चुकली होती आणि त्या दोन्ही तारखा तिला पाठ होत्या. बाकी कोण कुठे अडतो, कुणाला दारूनंतर दुसरा अंक आठवत नाही, हे सगळं तिच्या पोटात होतं. आमच्या निम्म्या नटांची अब्रू तिनं झाकून ठेवली होती म्हणा ना.

यातली सगळ्यात मोठी अब्रू होती एकार्ट ल्यूडेमानची. एकार्ट त्र्याहत्तर वर्षांचा, उंचापुरा, छातीत जुनं दुखणं, आणि आवाज असा की तो बोलायला लागला की झुंबर हलतं असं गावात म्हणायचे. कागदोपत्री निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी दर हंगामात एक भूमिका त्याच्याकडे असायचीच. रंगमंचावर राजा आणि विंगेत भागूबाई, असा हा माणूस. पडदा वर जाण्याआधी त्याचे हात थंड पडायचे. मग गुंडुला आपल्या खुर्चीवरून उठून विंगेत जायची, त्याच्या डाव्या खांद्याजवळ तोंड नेऊन तीनदा थुंकल्यासारखं करायची, तोय तोय तोय. आमच्या नाटकवाल्यांत प्रयोगाआधी शुभेच्छा देत नाहीत, हे असं करतात. ज्याच्यासाठी केलं त्यानं आभार मानायचे नाहीत, मानले की प्रयोग पडला. एकार्ट नुसती मान हलवायचा आणि उजेडात जायचा. सव्वीस वर्षांत एकही प्रयोग याच्याशिवाय झाला नाही. गुंडुलाच्या नवऱ्यानं तिला सोडलं त्या संध्याकाळीही ती विंगेत वेळेवर हजर होती.

मग ते साथीचं वर्ष आलं. वसंतात नाट्यगृह बंद झालं, सप्टेंबरात तीन खुर्च्यांआड एक माणूस बसवून उघडलं, आणि नोव्हेंबर लागताच पुन्हा बंद. सगळे घरी. यास्पर नावाचा चौतीस वर्षांचा दिग्दर्शक होता, घरातसुद्धा गळ्यात मफलर गुंडाळून बसणारा. त्याला स्वस्थ बसवेना. त्यानं ठरवलं की आपण छोटे व्हिडिओ करायचे, प्रत्येकी तीन मिनिटांचे, प्रत्येकात एका कलावंतानं लोकांना धीर द्यायचा. आमच्या नर्तकीनं स्वयंपाकघरात केरसुणी घेऊन नाच केला. कपडेपटातल्या बाईनं राणीच्या झग्याचे मास्क शिवून दाखवले. लोक रिकाम्या घरात बसून ते बघायचे आणि खाली लाल बदाम टाकायचे. धीर हा असा चमच्या-चमच्यानं वाटायचा पदार्थ आहे हे मला तरी तोवर माहीत नव्हतं. पण चेष्टा पुरे. माझी शेजारीण दोन महिने कुणाशी बोलली नव्हती, ती केरसुणीवाला व्हिडिओ रोज बघायची. त्यामुळे मी गप्प बसते.

एकार्टचा व्हिडिओ त्याच्या छातीमुळे शेवटी ठेवला होता. नाट्यगृहातच चित्रीकरण करायचं, माणसं चारच, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकजण आपल्या चौकोनात. तो मंगळवार होता, नोव्हेंबरचा चोविसावा. एकार्टनं स्वतःच लिहून आणलं होतं. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, त्या भयंकर हिवाळ्यात तो जन्मला, तेव्हा खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फ होता, घरात एक कोळसा नव्हता, आणि त्याच्या आईनं त्याला सहा आठवडे आपल्या सदऱ्यात पोटाशी बांधून ठेवलं. लेकरू जगलं. एवढंच. पण तो ते सांगायचा तेव्हा अंगावर काटा यायचा.

यास्पर वर प्रकाशयोजनेच्या खोलीत दिव्यांशी झटापट करत होता. कॅमेरावाली बॅटरी आणायला गाडीकडे गेली होती. एकार्ट आपल्या चौकोनात उभा आणि गुंडुला पहिल्या रांगेत. मधे चार मीटर रिकामी हवा.

"गुंडेल," तो म्हणाला, "मला येत नाहीये."

"सगळं येतंय तुला. पहिलं वाक्य, 'मी जन्मलो तेव्हा.'"

"वाक्य येतंय गं. सुरुवात येत नाहीये." त्यानं हात पुढे केला. बोटं पांढरी पडली होती. "ये ना. पटकन. कुणी नाहीये."

"वेडा आहेस का? कागदावर सही केलीय मी. दीड मीटर."

"सव्वीस वर्षं केलंस. आज नाही केलंस आणि मी पडलो तर अख्ख्या गावासमोर पडेन. आणि तेही धीर देताना!"

गुंडुला उठली. पायऱ्या चढून वर गेली. मास्कमधून करून बघितलं, तर एकार्टनं नाही म्हणून मान हलवली. "मास्कमधून? देवाला दारातूनच नमस्कार केल्यासारखं झालं हे." मग तिनं मास्क हनुवटीखाली ओढला, त्याच्या डाव्या खांद्याजवळ तोंड नेलं आणि तीनदा केलं. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता. कुठलाही वास तिच्या नाकाला लागला तो त्या दिवशी शेवटचा, पण ते तिला दोन दिवसांनी कळलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. ती खुर्चीत परतली तेव्हा कॅमेरावाली दारातून आत येत होती. एकार्टनं एकाच दमात, एकही चूक न करता सगळं सांगितलं. यास्परनं वरून टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सकाळी कॉफीला वास नव्हता. तिनं डबा उघडून नाक आत घातलं. काही नाही. कांदा कापून बघितला, डोळ्यांतून पाणी आलं पण नाकाला पत्ता नाही. शुक्रवारी तपासणी झाली. शनिवारी सकाळी आरोग्य खात्याचा फोन आला. तिथे माणसं कमी पडली म्हणून लष्करातले जवान फोनवर बसवले होते. त्यातलाच एक कोवळ्या आवाजाचा मुलगा होता आणि कागदावरचे प्रश्न वाचत होता.

"रेझेबाई, मंगळवारपासून तुम्ही कुणाच्या दीड मीटरच्या आत गेलात का? मास्कशिवाय?"

गुंडुलानं श्वास आत घेतला आणि धरून ठेवला.

"रेझेबाई? आहात ना? जरा मोठ्यानं बोला, लाइन खराब आहे."

"नाही," ती म्हणाली.

"कामाच्या ठिकाणीसुद्धा नाही?"

"मी खुर्चीत बसते. सगळ्यांपासून लांब."

"छान," तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

ती खोटं का बोलली हे मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलंय. तिला नोकरीची भीती होती. यास्परच्या सहीवर हा सगळा खटाटोप चालला होता, तो बंद पडेल अशीही भीती होती. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. तिला लाज वाटली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं त्या साथीत एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर थुंकल्यासारखं केलं, हे त्या फोनवरच्या मुलाला कसं सांगायचं? त्यानं ते कोणत्या रकान्यात लिहिलं असतं?

दुपारी तिनं एकार्टला फोन केला. त्याला तरी सांगायचंच असं ठरवून केला. तो बायको मार्लिसबरोबर नाताळची बिस्किटं करत होता आणि इतक्या आनंदात होता की तिला शब्द घालायला जागाच मिळेना.

"गुंडेल! अगं, चार हजार लोकांनी बघितलं! ज्याच्याशी वीस वर्षं बोलत नाही त्या शेजाऱ्यानं कुंपणावरून हात केला! आणि आता मी दालचिनीच्या बिस्किटांना साखर फासतोय. मार्लिस ओरडतेय की जास्त फासतोय म्हणून. तुझा आवाज असा का येतोय?"

"माझा आवाज असाच असतो."

"बरं नाही का?"

"सर्दी आहे जरा."

"मग आल्याचा चहा घे आणि झोप. ठेवतो, बिस्किटं जळतील."

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. नाट्यगृहानं सगळ्यांना एक पत्र पाठवलं होतं की एका कर्मचाऱ्याला लागण झाली आहे, जे संपर्कात होते त्यांना फोन येईल. नाव नव्हतं. आमच्या देशात माणसाचं नाव फोडणं हा आजारापेक्षा मोठा गुन्हा. एकार्टला फोन आला नाही, म्हणून तो निर्धास्त. रविवारी गुंडुलाला चांगलाच ताप चढला. बुधवारी जरा उतरला, तेव्हा तिनं पुन्हा फोन लावला. फोन मार्लिसनं उचलला आणि म्हणाली, सोमवारपासून तोही अंथरुणावर आहे, साधा खोकलाच आहे, डॉक्टरला बोलावू म्हटलं तर ऐकत नाही. "साधा खोकलाच आहे" हे ऐकून गुंडुला म्हणाली, "काळजी घ्या." शुक्रवारी रुग्णवाहिका आली. त्यानंतर अकरा दिवस तो नळ्यांवर होता. आत कुणाला सोडत नव्हते. पंधरा डिसेंबरला, मंगळवारीच, तो गेला.

चाळीस वर्षं मार्लिसनं गावातल्या मुलांना पोहायला शिकवलं. मीही तिच्याकडेच शिकले. तलावाच्या काठावरून ओरडली की पाण्याखालीसुद्धा ऐकू यायचं असा आवाज, आणि हात असे की बुडणाऱ्याला एका हातानं वर काढावं. दफनाला दहा माणसांची परवानगी होती. गुंडुला दहावी. ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि मार्लिसकडे न बघता परतली.

पण घरी बसवेना. दर गुरुवारी ती सूप करून मार्लिसच्या दारात ठेवायची, घंटा वाजवायची आणि दोन मीटर मागे फाटकापाशी जाऊन उभी राहायची. कधी वाटाण्याचं, कधी बटाट्याचं. मार्लिस दार उघडून उंबऱ्यात उभी राहायची आणि दोघी अंतरावरून बोलायच्या. बोलायची मार्लिसच. तिसऱ्या गुरुवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, गुंडुलाला मार्लिसचे हात दिसले. कोपरापर्यंत लाल, सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर चिरा.

"काय गं हे, मार्लिस?"

"धुते." मार्लिसनं हात मागे घेतले. मग एकदम म्हणाली, "कुणी आणलं ते मला माहीत आहे, गुंडेल. मीच आणलं."

"कसं काय?"

"नातीचा वाढदिवस होता, लिनाचा. सहा वर्षांची झाली. तो आजारी पडायच्या आठ दिवस आधी, रविवारी. एकार्टनं सांगितलं होतं, जाऊ नकोस, माझी छाती धड नाही. मी म्हटलं, बाजारात जाऊन येते. आणि गेले. लेकीकडे, सिल्केकडे, चोरून. पोरीचं नाक वाहत होतं. मांडीवर बसली माझ्या, केक भरवला मला, तिच्या बोटांनी." तिचा तो मोठा आवाज पार खाली आला. "मला नंतर लागण निघाली, काही त्रास नाही, काही नाही. मी नुसती ओझं वाहून आणलं. आता सिल्के सारखी फोन करते, लिना आजीला विचारतेय म्हणून. मी नाही म्हणते. त्या पोरीचा आवाज ऐकला की मला तो खोकताना ऐकू येतो. कुठली आजी असते अशी, सांग?"

गुंडुलाला सगळ्या तारखा ठाऊक होत्या. त्या घरात लिनाच्या आईवडिलांना काही झालं नव्हतं, बालवाडीतही कुणाला नाही. मार्लिसनं हे कुणाला विचारायचं धाडस केलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. गुंडुलानं तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होते. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना वाक्यं दिली होती, वेळेवर, चोख. हे एकच तिचं स्वतःचं होतं आणि ते बाहेर निघेना.

"हाताला मलम लाव," ती म्हणाली.

पुढचे तीन गुरुवार ती तशीच गेली आणि तशीच आली. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहून वाक्य म्हणून बघायची. आरशासमोर तिला ते छान यायचं.

जानेवारीच्या शेवटी यास्परचा फोन आला. एकार्टचा व्हिडिओ साठ हजार लोकांनी पाहिला होता, दूरदूरच्या गावांतून पत्रं येत होती. आता शेवटचा एक करायचा, मार्लिसचा. त्यानं दोन पानं लिहूनही ठेवली होती. "तिला पाठ होणार नाही, गुंडुला. तू बसशील ना समोर? तू असलीस की तिला आधार वाटेल."

"मला नको सांगूस," गुंडुला म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोल गं."

"येते," ती म्हणाली.

नाट्यगृहाचा खर्च वाचवायचा म्हणून हीटर बंद होता. मार्लिस रंगमंचावर मधोमध खुर्चीत, कोट काढून, काळ्या स्वेटरमध्ये बसली होती. हातमोजे काढायला तिनं नकार दिला आणि यास्परनंही फार ताणलं नाही, पोरगा मनानं बरा आहे. गुंडुला आपल्या खुर्चीत. तिनं पानं आधी वाचली होती. यास्परला बोलताना ऐकलंय ज्यानं, त्याला ती पानं कशी असतील ते सांगायला नको. वादळं होती, दीपस्तंभ होता, पडणं होतं आणि पुन्हा उठणं होतं.

"एकार्ट माझा नवरा," मार्लिसनं सुरुवात केली. तिला बऱ्यापैकी पाठ होतं. वादळ पार पडलं. दीपस्तंभही पार पडला. मग ती म्हणाली, "नोव्हेंबरात हा आजार आमच्या घरात आला. कुठून..."

आणि थांबली.

पुढचं वाक्य पानावर होतं, "कुठून ते कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यानं आता फरक पडत नाही." गुंडुलानं मार्लिसचा श्वास ऐकला. तो आत गेला आणि तिथेच अडकला. ही अडली आहे, याबद्दल शंका नव्हती. वर दिव्यांच्या खोलीतून यास्परनं अलगद खूण केली, दे.

मार्लिस खुर्चीतून तिच्याकडे बघत होती. मोज्यातले हात मांडीवर एकमेकांवर घासत होते. गुंडुलानं पानाकडे पाहिलं. कुणालाच ठाऊक नाही. हे तिनं स्वतःच्या तोंडानं द्यायचं होतं. तिनं पान उलटं केलं.

"गुंडुलाकडून," तिनं वाक्य दिलं.

प्रॉम्प्टर कधी 'मी' म्हणत नाही. नटाच्या तोंडी जसं वाक्य बसेल तसंच देते. आणि अडलेला माणूस मिळालेलं वाक्य उचलतो, विचार करायला त्याच्याकडे वेळ नसतो.

"गुंडुलाकडून," मार्लिस कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. "काय?"

गुंडुला उठून उभी राहिली. "चोवीस तारखेला. इथेच, तू बसलीस तिथे. त्याला सुरुवात जमेना, मी वर गेले, मास्क काढला आणि तोय तोय तोय केलं. दोन दिवसांनी माझा वास गेला. लिनाचा काही संबंध नाही. तुझाही नाही." ती कुजबुजत नव्हती. पहिल्यांदाच त्या रिकाम्या नाट्यगृहात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि फाटका, चिरका असा येत राहिला.

"त्यानं मागितलं?" मार्लिसनं विचारलं.

"हो. पण नाही म्हणणं माझं काम होतं."

"तुला फोन आला असेल. आरोग्य खात्याचा."

"शनिवारी आला. मी कुणाजवळ गेले नाही म्हणून सांगितलं."

"शनिवारी," मार्लिस म्हणाली. "शनिवारी तो उभा होता. ओट्यापाशी. शनिवारी कळलं असतं तर मी त्याला तसाच गाडीत घालून नेला असता. सोमवारी खोकला, मंगळवारी खोकला, बुधवारी तू फोन केलास, मी सांगितलं साधाच आहे."

"हो."

"आणि तू म्हणालीस काळजी घ्या."

"हो."

यास्पर पायऱ्या उतरून खाली आला होता, मफलर हातात. "मार्लिस, आपण थांबूया. हे सगळं कापून टाकू, कुणाला दिसणार नाही."

"तू गप्प बस रे," मार्लिस त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिनं मोजे काढले. खिशातून फोन काढला आणि सालपटं निघालेल्या बोटानं नंबर दाबला. "सिल्के? मी. लिना आहे का घरी?... नाही, काही झालं नाहीये. तिला दे." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. पलीकडून बारीक आवाजात काहीतरी न थांबता सांगणं चाललं होतं, दात पडला होता बहुतेक. मार्लिसचा चेहरा आधी सैल झाला आणि मग तिला रडू कोसळलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं. "येते," ती फोनमध्ये म्हणाली. "आजी आत्ता येते. हो, आत्ता. राहायला येते."

गुंडुलाला वाटलं, संपलं. काही झालं तरी हे एक बरं झालं. ती पुढे सरकली. खुर्चीपासून रंगमंचाच्या कडेपर्यंत आली.

मार्लिस उठली, खाली उतरली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पिवळ्या पट्टीच्या बाहेर, बरोबर दीड मीटरवर. डोळे अजून ओलेच होते, पण आवाज परत आला होता, तलावाच्या काठावरचा.

"तुला मी कदाचित माफ करेन," ती म्हणाली. "त्या दिवसाबद्दल. एकार्ट मागे लागला की कुणाला नाही म्हणता यायचं नाही, चव्वेचाळीस वर्षं मलाही आलं नाही. पण तू सहा गुरुवार माझ्या दारात आलीस. माझे हात पाहिलेस. लिनाचं ऐकलंस. आणि सूप ठेवून गेलीस. मी त्या पोरीवर राग धरला, गुंडेल. तिनं काढलेली चित्रं टपालातून यायची, मी ती न उघडता चुलीत घालायचे. सहा वर्षांच्या पोरीवर मी सहा आठवडे राग धरला. ती चित्रं आता कुठून आणू?"

मार्लिसनं कोट चढवला, बटणं लावली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली.